भिंगावरची काच : एक अनुभव व अभ्यास

(बी. ए. भाग २)

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे संरक्षणासाठी आणखी एक काच लावावी की लावू नये, हा प्रश्न वार्षिकांकाच्या वाचकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. कथा-कवितांच्या शेजारी हा विषय कुठून आला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या बीड जिल्ह्यात ज्याचे पोट लग्नाच्या फोटोंवर चालते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न साधा नाही. लेन्स हप्त्याने घेतलेली असते, हप्ता लग्नसराईवर फेडावयाचा असतो आणि लग्नसराई म्हणजे वैशाखातली धूळ, हळद आणि गुलाल.

मी गेली दोन वर्षे सुटीच्या दिवशी व लग्नाच्या तिथींना तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत काम करतो. खोलीचे भाडे व पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. आई-वडील ऊसतोडीला जातात. त्यामुळे कॅमेऱ्याचे शास्त्र घरात कोणी सांगेल, असा प्रश्नच नव्हता. या विषयातले जे थोडेफार मला कळले, ते स्टुडिओच्या मालकांकडून (त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो), ग्रंथालयातील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून. ती चूक पुढे यथावकाश सांगेन. ती झाली नसती तर हा लेखही झाला नसता.

ज्या मित्रांनी मोठा कॅमेरा हाताळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आपण मोबाइल घेतल्याबरोबर त्याच्या पडद्यावर दुकानातून एक काच चिकटवून घेतो. ती तडकली तर ती बदलायची, मूळ पडदा शाबूत राहतो. कॅमेऱ्याच्या लेन्सलाही तशीच एक गोल काच लावता येते. ती धातूच्या कड्यात बसविलेली असते. लेन्सच्या तोंडाशी आतून आटे असतात, त्यात हे कडे फिरवून बसवायचे. लेन्सच्या कडेवर आडवी रेघ मारलेले एक वर्तुळ आणि त्यापुढे आकडा छापलेला असतो : ४९, ५२, ५८, ६७, ७७ असा. तो या कड्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात जाऊन नुसते 'फिल्टर द्या' म्हटले तर दुकानदार पहिल्यांदा हाच आकडा विचारतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आकडा न पाहताच गेलो होतो आणि सोळा किलोमीटर परत आलो होतो.

या काचेला आमच्या धंद्यात सरसकट 'यू. व्ही.' म्हणतात. यू. व्ही. म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, मराठीत अतिनील किरण. आता, लेन्स राखायला लावलेल्या काचेला अतिनील किरणांचे नाव का पडले, हे मी दादांना विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी कपाटाच्या वरच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढून दिला. डबा त्यांच्या वडिलांचा. त्यात एक पिवळी काच होती, एक नारिंगी, एक अगदी फिकट गुलाबी आणि एक साधी पांढरी. कृष्णधवल फोटोंच्या काळात आकाश निळे असले तरी फोटोत ते पांढरेफटक यायचे, कारण फिल्म निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलायची. पिवळी काच थोडा निळा प्रकाश अडवते, मग आकाश गडद येते आणि ढग उठून दिसतात. नारिंगी काच तेच काम अधिक जोराने करते.

अतिनील किरणांचेही तसेच. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. त्याखालच्या लहरी आपल्याला दिसत नाहीत, पण फिल्मला 'दिसत' असत. त्यामुळे उंचावरून किंवा लांबच्या डोंगराचा फोटो काढला, की डोळ्याला दिसतो त्यापेक्षा जास्त निळसर धुरकटपणा फोटोत उतरे. बालाघाटाच्या रांगेतून खालच्या सपाटीचा फोटो घेतला तर पलीकडची गावे पुसल्यासारखी यायची, असे दादांचे वडील सांगत. तो धुरकटपणा कमी करावयास ही पांढरी काच होती. फिकट गुलाबी काचेला स्कायलाइट म्हणत. ती सावलीतला निळेपणाही थोडा काढीत असे.

फिल्म गेली आणि डिजिटल कॅमेरे आले. डिजिटल कॅमेऱ्याच्या आत, ज्या पट्टीवर प्रतिमा उमटते त्या सेन्सरच्या पुढे, कारखान्यातच एक गाळणी बसविलेली असते. ती अतिनील आणि अवरक्त, दोन्ही किरण बऱ्याच अंशी अडवते. म्हणजे या काचेचे मूळ काम संपले. नाव मात्र राहिले आणि काचही राहिली. आपल्याकडे बैल गेले तरी ट्रॅक्टर ठेवतो त्या शेडला गोठाच म्हणतात, तशातला हा प्रकार. काही कंपन्या आता प्रामाणिकपणे 'प्रोटेक्टर' म्हणून साधी काच विकतात. खरेदी करताना यू. व्ही. लिहिले आहे की प्रोटेक्टर, याने डिजिटल कॅमेऱ्याला जवळजवळ काही फरक पडत नाही. फरक कशाने पडतो, ते पुढे सांगतो.

मूळ काम संपले तरी काच का राहिली, याचे उत्तर मला एका परण्यात मिळाले. मे २०२४ मधली गोष्ट. लग्न लागण्याआधी नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत नेतात, त्याला आपण परण्या म्हणतो. नवरदेव घोड्यावर होता, पुढे मित्रमंडळी नाचत होती. मी उलटा चालत फोटो घेत होतो. तेवढ्यात एकाने मूठभर गुलाल थेट माझ्या तोंडावर फेकला, आणि दुसऱ्याने प्रेमाने हळदीच्या ओल्या अंगठ्याचा ठसा लेन्सवर उमटवून दिला. माझ्या पोटात गोळा आला. दादा मागे होते. त्यांनी कॅमेरा घेतला, फिल्टर फिरवून काढला, खिशातला दुसरा बसविला आणि कॅमेरा परत माझ्या हातात दिला. या सगळ्याला एक मिनिटदेखील लागले नसेल. घोडा मारुतीपर्यंत पोचायच्या आत मी परत पुढे होतो. घाण झालेली काच नंतर मांडवामागच्या टाकीच्या नळाखाली साबण लावून धुतली. लेन्स अशी नळाखाली धरता येत नाही. माझ्या मते या काचेचा सगळ्यात मोठा गुण तोच.

जेजुरीला सोमवती अमावस्येला भंडारा उधळतात, त्याचे फोटो आपण सर्वांनी पाहिले आहेत. सगळा गड पिवळा झालेला असतो. तेथे जाणारे फोटोग्राफर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात आणि फक्त लेन्सचे तोंड उघडे ठेवतात. त्या उघड्या तोंडाला हीच काच असते. आपल्याकडे परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणारे ट्रक रस्त्याने जातात, त्या भागात एखादे लग्न असले की दादा निघण्यापूर्वी दोनदा विचारतात, 'काच लावली का?' ती राख पिठापेक्षा बारीक असते आणि हाताला मऊ लागते. पण तिच्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक भाऊबंद. कॅनन कंपनीच्या काही महागड्या लेन्सच्या माहितीपुस्तकात तर कंपनी स्वतःच सांगते, की धूळ-पाण्यापासून पूर्ण बंदोबस्त हवा असेल तर पुढे फिल्टर लावा. पुढचे भिंग आत-बाहेर सरकते, त्या फटीला दुसरे झाकण नसते म्हणून.

असे असूनही मी ती काच काढली. का काढली ते सांगितले पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या लग्नाला छत्रपती संभाजीनगरहून एक फोटोग्राफर आले होते. आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. त्यांनी आमच्या लेन्सवरची दोनशे रुपयांची काच पाहिली आणि हसून म्हणाले, 'पन्नास हजारांच्या लेन्सपुढे खिडकीची काच लावता होय? मग लेन्स तरी कशाला घेतली?' त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, हे मला नंतर कळले. पण त्या वेळी मला तथ्य कळले नव्हते, फक्त लाज वाटली होती.

जानेवारी २०२५ मध्ये मी चार दिवसांकरिता आई-वडिलांकडे सांगली जिल्ह्यात गेलो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ते गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. त्या दोघांचे फोटो म्हणजे आधार कार्डावरचे आणि मतदार ओळखपत्रावरचे. हे दादांना माहीत होते. त्यांनी स्वतः होऊन कॅमेरा दिला. 'आई-बापाचा एक नीट फोटो काढून आण,' एवढेच म्हणाले. लेन्सला काच त्यांनीच लावून दिली होती. मी ती रात्री एस. टी. मध्ये काढून पिशवीत टाकली. आयुष्यात एकदा आईचा चांगला फोटो घ्यायचा, तर मध्ये खिडकीची काच नको, असा माझा विचार होता.

फडावर दिवस उगवायच्या आधी काम सुरू होते. त्या दिवशीचा ऊस जळीत होता. जळीत उसाची काजळी अंगाला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा लागते. शेजारून ट्रॅक्टर जात होता, त्याची धूळ वेगळी. आई मोळी बांधत होती. उजेड फार चांगला होता, सूर्य तिच्या मागून वर येत होता, आणि लेन्सवर काळे कण दिसले. मी शर्टाचे टोक धरले आणि पुसले. पुन्हा दोन फोटो घेतले, पुन्हा कण, पुन्हा पुसले. दुपारपर्यंत असे पाच-सहा वेळा झाले असेल. संध्याकाळी कोपीत दिव्याच्या उजेडात लेन्स तिरपी धरली, तर भिंगावर गोल गोल बारीक चरे. कोळ्याच्या जाळ्यासारखे. आई म्हणाली, 'पानी लावून पूस, निघंल.' ते निघण्यासारखे नव्हते.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. वरच्या पायरीवरचे खनिज खालच्यावर चरा पाडते. साधी काच या उतरंडीत साडेपाचाच्या आसपास बसते. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर आहे. आपल्या शेतातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात आणि लहानपणी आपण सर्वांनी त्यांनी बाटलीवर रेघा मारल्या आहेत. वाऱ्याने उडणाऱ्या धुळीत तीच गारगोटी भुकटी होऊन असते. धूळ लेन्सवर नुसती बसलेली असेल तोवर ती काही करीत नाही. आपण कापडाने दाबून पुसतो तेव्हा त्या कापडाचा पॉलिशपेपर होतो.

आणि चरा नुसता काचेला पडत नाही. भिंगावर एक लेप असतो. त्याची जाडी साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. या लेपाची कथा मोठी गमतीची आहे. रात्री एस. टी. च्या खिडकीत आपल्याला आपलाच चेहरा दिसतो, कारण काच सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही. प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो. एका साध्या काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्के गेले. लेन्समध्ये तर अशी दहा-पंधरा भिंगे असतात. १८९६ मध्ये इंग्लंडातील डेनिस टेलर या भिंगकाराच्या ध्यानात आले, की हवेने डागाळलेली जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. डागाचा पातळ थर प्रकाश परत फिरू देत नव्हता! पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत भिंगावर मुद्दाम असा थर चढविण्याची रीत काढली. आज चांगल्या, अनेक थरांच्या लेपामुळे एका पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. तो लेप मी शर्टाने घासला होता.

परत आल्यावर चार दिवस मी दादांना काही सांगितले नाही. पाचव्या दिवशी सांगितले. त्यांनी लेन्स ट्यूबलाइटखाली धरली, तिरपी केली, सरळ केली आणि टेबलावर ठेवली. 'पुसलीस ना?' एवढेच ते बोलले. पुढचे भिंग बदलून घ्यावयास साडेसहा हजार लागतील, असे दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितले. वसतिगृहाच्या खोलीत मी त्या रात्री हिशेब मांडला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टनाला ३६६ रुपये हा दर धरला, तर साडेसहा हजार म्हणजे जवळपास १८ टन. दोघे मिळून दिवसाला दोन टन तोडतात. नऊ दिवस झाले.

या प्रकारानंतर मात्र मला या काचेबद्दल खरे-खोटे करून घ्यावेसे वाटले. दादा म्हणतात काच काढायचीच नाही, शहरातले म्हणतात लावायचीच नाही. दोघेही अनुभवी. तेव्हा मी फेब्रुवारीत स्टुडिओ बंद झाल्यावर काही साधे प्रयोग केले. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसविला. एक काच दोनशे रुपयांची, एक अनेक थरांचा लेप असलेली सुमारे दोन हजारांची आणि एकदा काहीच नाही, असे प्रत्येक वेळी तीन फोटो घेतले.

पहिल्यांदा भिंतीवर वर्तमानपत्राचे पान चिकटवून दिवसाच्या उजेडात घेतले. संगणकावर मोठे करून पाहिले. खरे सांगायचे तर मला तिन्हींत फरक दिसला नाही. दादांनाही कोणता कशाचा हे ओळखता आले नाही. त्यांनी स्वस्त काचेचा फोटो सगळ्यात चांगला ठरविला. म्हणजे 'खिडकीची काच' म्हणून हसणे दिवसाच्या लग्नात तरी फारसे खरे नाही.

दुसऱ्यांदा खोली अंधारी केली आणि एका कोपऱ्यात उघडा बल्ब लावला. काच नसताना फोटो स्वच्छ आला. स्वस्त काच लावली, तर बल्ब डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि त्याचे हिरवट भूत उजव्या खालच्या कोपऱ्यात, तेही उलटे! महाग काचेत तेच भूत होते, पण अगदी पुसट. याचे कारण पुस्तक वाचून आणि कागदावर किरण काढून मी असे लावले : बल्बचा प्रकाश सेन्सरवर पडतो, त्यातला थोडा चकाकून लेन्समधून उलट बाहेर निघतो. पुढे फिल्टरची सपाट काच असते. ती आरशासारखी त्याला परत आत पाठवते आणि मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडच्या बाजूला तो दुसऱ्यांदा उमटतो. भिंगे गोलाकार असतात, त्यामुळे त्यांच्यावरून फिरलेला प्रकाश बहुधा पसरून जातो. सपाट काच मात्र त्याला नीट गोळा करून परत पाठवते. हे वाचल्यावर मला एका वरातीचे कोडे उलगडले. त्या वरातीत रोषणाईच्या गाडीसमोरचे आमचे सगळे फोटो हिरव्या गोळ्यांनी भरले होते. एक गोळा नवरीच्या बरोबर कपाळावर होता. नवरीच्या मामांनी तो फोटो बदलून मागितला; आम्ही काय बदलून देणार? त्या वेळी सगळ्यांनी कॅमेऱ्याला दोष दिला होता.

तिसरा प्रयोग लांबच्या लेन्सचा. पाटोदा तालुक्यात नायगावला मयूर अभयारण्य आहे. तेथे दादांच्या मित्राने ३०० मि. मी. च्या लेन्सने मोरांचे फोटो काढले होते. सगळे थोडे पिठूळ आले होते. आम्ही तीच लेन्स आणि तीच स्वस्त काच घेऊन गच्चीवरून समोरच्या दुकानाची पाटी टिपली. काच असताना अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या, काच काढल्यावर सुरीसारख्या. स्वस्त काचेच्या दोन्ही बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर नसतात किंवा काच पुरती सपाट नसते. जवळच्या लेन्सला ते कळत नाही. लांबची लेन्स चित्र जसे मोठे करते तशी काचेची खोडही मोठी करते. नायगावचे मोर बिचारे निर्दोष होते.

दुकानात काच पारखण्याची एक सोपी युक्ती या निमित्ताने सांगून ठेवतो. काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. ते पांढरेशुभ्र, ठसठशीत दिसले तर लेप नाही असे समजावे. जांभळट किंवा हिरवट आणि मंद दिसले तर लेप आहे. वेष्टनावर काय छापले आहे, यापेक्षा हे पाहणे बरे.

दादांचा एक मुद्दा मात्र मला अजून पटत नाही आणि आम्ही त्यावर अधूनमधून वाद घालतो. ते सांगतात, की त्यांच्या हातून एकदा कॅमेरा स्टेजवरून खाली पडला, फिल्टर फुटला, पण लेन्स वाचली. म्हणून फिल्टरने लेन्स वाचविली. माझे म्हणणे असे, की फिल्टरची काच पातळ आणि पुढचे भिंग चांगले जाड. ज्या धक्क्याने पातळ काच फुटते, त्या धक्क्याने जाड भिंग फुटलेच असते, हे कशावरून? उलट फुटलेल्या काचेचे टोकदार तुकडे भिंगावर घासले जातात. आमच्याच ओळखीच्या एका मुलाच्या लेन्सवर असा चरा मी पाहिला आहे. शिवाय कडे वाकडे होऊन आट्यात अडकते, ते निराळेच. पडझडीपासून लेन्स वाचवायची असेल, तर पुढे बसवायचे प्लॅस्टिकचे टोपण, ज्याला आपण हूड म्हणतो, ते चांगले. धक्का त्याला बसतो, भिंग दोन बोटे आत राहते, आणि बाजूचा नको असलेला उजेडही अडतो. लेन्सबरोबर हूड येते तेव्हा बहुतेक जण ते खोक्यातच ठेवून देतात. दादा या बोलण्यावर 'बरं बरं' म्हणतात. हूड मात्र हल्ली लावू लागले आहेत.

अडकलेल्या कड्यावरून आठवले. धूळ आट्यात शिरली की फिल्टर निघत नाही. मग माणूस दोन बोटांनी जोर लावून आवळतो, गोल कडे अंडाकृती होते आणि अधिकच घट्ट बसते. त्यापेक्षा रुंद रबरबँड कड्याभोवती बसवून सगळ्या पंजाने हलके फिरवावे. बसवतानाही कडे सुरुवातीला अर्धा फेरा उलटे फिरवावे, आटा आट्यात पडल्याचे बोटाला कळते, मग सरळ फिरवावे. ही दोन्ही कामे मी आता डोळे मिटून करतो. रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर एकावर एक दोन फिल्टर चढवू नयेत, कोपरे काळे येतात. हे मात्र दादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पुसण्याविषयी थोडे. भिंगावरचे चार-दोन धुळीचे कण फोटोत येतच नाहीत. भिंग डोळ्याच्या इतके जवळ असते की त्यावरच्या कणाची प्रतिमा पसरून नाहीशी होते. हे मला जानेवारीत माहीत असते तर मी शर्टाला हातच घातला नसता. ते काळे कण एकाही फोटोत दिसणार नव्हते. सूर्य समोर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा धूळ उजळून दिसते. प्रथम रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. मग मऊ ब्रशने झटकावे. तरीही बोटाचा ठसा राहिला, तरच स्वच्छ मऊ कापडाला द्रवाचा एक थेंब लावून मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवावे. थेंब कापडाला लावावा, भिंगावर टाकू नये. तो कडेने आत उतरतो. फडावर, मांडवात, परण्यात हे सगळे करावयास सवड कुणाला असते? तेथे माणूस शर्टच काढतो, आणि शर्ट भिंगाला न लागता दोनशे रुपयांच्या काचेला लागावा, यासाठी ती काच. लेन्सचे मोठे शत्रू धूळ आणि गुलाल आहेत असे मी आधी समजत होतो. माझ्या बाबतीत तरी तो शत्रू माझा हात निघाला.

आमच्या स्टुडिओत आता असे चालते. दिवसाचे लग्न, हळद, परण्या, मिरवणूक, फटाके, फुलबाज्या असे काही असले की काच लावलेलीच. फुलबाजीची ठिणगी काचेला चिकटून बारीक खड्डा पाडते. तसे दोन खड्डे एका फिल्टरवर आहेत आणि तो दादांनी नव्या मुलांना दाखवावयास जपून ठेवला आहे. रात्री वरात निघाली आणि रोषणाईची गाडी समोर आली, की काच काढून डबीत. लांबच्या लेन्सला स्वस्त काच लावायची नाही. डबी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायची, पिशवीत नाही. पिशवीत शोधेपर्यंत नवरी पुढे निघून जाते.

चरे पडलेली ती लेन्स बदललेली नाही. दिवसा, सूर्य पाठीमागे असताना, तिचे फोटो पूर्वीसारखेच येतात; गिऱ्हाइकाला तर सोडाच, मलाही फरक कळत नाही. सूर्य किंवा दिवा समोर आला की सगळ्या चित्रावर पांढुरकी झाक येते. आईचा फडावरचा फोटो तसाच आहे. पहिला फोटो, पुसण्याच्या आधीचा, स्वच्छ आहे, पण त्यात तिने डोळे मिटले आहेत. ज्यात ती मोळीवर हात ठेवून माझ्याकडे पाहते आहे तो चौथा किंवा पाचवा, आणि त्यात तिच्या मागे उजेडाचा पडदा आहे. तोच मोठा करून घरी लावला. वडिलांना तो फोटो फार आवडतो. त्यांना वाटते त्या दिवशी धुके होते. आईला माहीत आहे, पण ती त्यांना सांगत नाही.

साडेसहा हजार दादांनी मागितले नाहीत. मीच म्हणालो, की या सराईतली पंधरा लग्ने मी पैसे न घेता करीन. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, 'कर, पण जेवण माझ्याकडे.' हा लेख देईपर्यंत अकरा झाली आहेत. चार राहिली आहेत, त्यांतले एक परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी धारूरला आहे.